रोग नाही, पण कोड आहे

समजा, अमेरिकेतली पस्तिशीची एक बाई. तब्येत ठणठणीत. चाचणीत मात्र तिच्या बीआरसीए-१ जनुकात घातक बदल सापडला. डॉक्टरांनी दरवर्षी स्तनांचा एमआरआय करायला सांगितलं. तिला कर्करोग झालेलाच नाही, मग विमा कंपनीने पैसे द्यायचे कशाचे?

मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये या जनुकाचा ठावठिकाणा १७व्या गुणसूत्रावर शोधला. १९९४ मध्ये जनुकच हाती आलं. तुटलेला डीएनए सांधणं हे त्याचं काम. ते बिघडलं की धोका किती वाढतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं: ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ७२ टक्के, अंडाशयाच्या कर्करोगाची ४४ टक्के. अमेरिकेतल्या सर्वसाधारण स्त्रीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका १३ टक्क्यांच्या आसपास असतो.

हा धोका बिलावर उतरतो तो आयसीडी-१०-सीएम या कोडयादीतून. अमेरिकेत ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर झेड८०.३. स्वतःच्या जनुकात दोष सापडला, तर झेड१५.०१. धोका टाळण्यासाठी निरोगी स्तन काढायचे ठरले, तर झेड४०.०१. प्रत्यक्ष कर्करोगाचे कोड मात्र सी५० पासून सुरू होतात.

क्रमालाही महत्त्व आहे. झेड१५ गटातला कोड पहिल्या जागी लिहायचा नाही, असा नियम आहे. आपल्या बाईच्या एमआरआयसाठी आधी तपासणीचा झेड१२.३९ आणि त्यामागे झेड१५.०१. दुसरा कोड राहिला, तर एवढी महागडी तपासणी का, हे बिलावरून कळत नाही आणि क्लेम अडकतो. त्याच जागी चुकून सी५० पडला, तर निरोगी बाई कागदोपत्री कर्करोगाची रुग्ण होते. तो शिक्का पुसून घेण्यासाठी मग पत्रव्यवहार आलाच.

अशी बिलं तपासणारे डोळे अनेकदा भारतातले असतात. चेन्नई-हैदराबादप्रमाणे पुणे आणि नवी मुंबईतही अमेरिकी रुग्णालयांचं कोडिंग चालतं. जीवशास्त्र किंवा फार्मसीचे पदवीधर डॉक्टरांच्या नोंदी वाचून कोड लावतात. नोंदीत नुसतं ‘बीआरसीए पॉझिटिव्ह’ असेल, तर रोग आहे की फक्त धोका, हे पुढचा मजकूर वाचूनच ठरवावं लागतं. बदलाचा अर्थच अनिश्चित असल्याचा अहवाल असेल, तर त्याला घातक दोष धरून चालत नाही.

नोंद अचूक असली तरी एक फट उरतेच. अमेरिकेच्या २००८ च्या ‘जिना’ कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई केली; आयुर्विमा मात्र त्यातून वगळला. त्यामुळे चाचणीआधीच्या समुपदेशनात जनुकांच्या जोडीने विम्याचा विषयही निघतो आणि काही जण आधी पॉलिसी काढून मगच रक्त देतात.