एक रेघ गेली आणि चहा झाला

चिनी लिपीत ‘तू’ नावाचे एक अक्षर आहे. डोक्यावर गवताचे चिन्ह, त्याखाली छपरासारख्या दोन तिरक्या रेघा आणि खाली आडव्या-उभ्या रेघांची मांडणी. सगळ्या मिळून दहा. त्यातली एक आडवी रेघ काढली की होतो ‘छा’, म्हणजे चहा.

‘शिजिंग’ या चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात एका गीतातला ‘तू’ म्हणजे कडू रानभाजी. दुसऱ्या गीतात तोच शब्द गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांसाठी येतो आणि वेशीबाहेर जमलेल्या मुलींना त्या तुऱ्यांची उपमा मिळते. इ.स.पू. 482 मध्ये वू राज्याच्या फूछाय राजाने सैन्य उभे केले, तेव्हा पांढऱ्या वेशातली तुकडी ‘तू’सारखी आणि लाल वेशातली आगीसारखी दिसली, असे जुना इतिहासग्रंथ सांगतो. एखादे काम धडाक्यात चालले असेल तर चिनी माणूस आजही ‘आगीसारखे, तूसारखे’ म्हणतो.

भाजीचा कडवटपणा पुढे आयुष्यात उतरला. ‘तू’ला ‘विष’ जोडले की अर्थ होतो छळ.

मग यात चहा कुठून आला? इ.स.पू. 59 मध्ये वांग पाओ याने गुलामाच्या खरेदीचे गमतीदार करारपत्र लिहिले. त्यातल्या कामांच्या यादीत ‘तू’ उकळणे आहे आणि वूयांगला जाऊन ‘तू’ विकत आणणेही आहे. रानभाजीसाठी कोणी दूरचा बाजार गाठत नाही. म्हणून हा विकतचा ‘तू’ चहाच, असे अनेक अभ्यासक मानतात.

बौद्ध ग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यांनी या अक्षराला आणखी एक काम दिले. तेव्हा त्याचा उच्चार ‘ड’च्या जवळचा होता. त्यामुळे ‘मंडल’ आणि ‘डाकिनी’ या संस्कृत शब्दांतल्या ‘ड’च्या जागी हेच अक्षर बसले. तिथे त्याला अर्थ नाही, फक्त आवाज आहे.

रेघ नेमकी कधी गळाली, याचा माग सतराव्या शतकात कू यानवू या विद्वानाने शिलालेखांवरून काढला. ताइशान पर्वतावरच्या 779 आणि 798 सालच्या कोरीव लेखांत चहासाठी जुनेच अक्षर होते. 841 आणि 855 च्या शिलालेखांत एक रेघ कमी झालेली दिसली. लू यू याने चहावरचा प्रसिद्ध ग्रंथ आठव्या शतकातच लिहिला होता.

नव्या अक्षराचा दक्षिण फूच्येनमधला ‘ते’ हा उच्चार डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला आणि त्याचा ‘टी’ झाला. मराठीतला ‘चहा’ मात्र ‘छा’च्या घराण्यातला. जुना ‘तू’ आजच्या चिनी भाषेत एकटा क्वचितच दिसतो. तो उरला आहे छळाच्या शब्दात, धडाक्याच्या वाक्प्रचारात आणि ‘मंडल’च्या ‘ड’मध्ये.