वेटोळ्यांतील वीज आणि विहिरीवरील जनरेटर

पंपाचा स्टार्टर बंद करताना आत ठिणगी पडते, हे शेतकरी बंधूंच्या नित्य परिचयाचे आहे. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला म्हणजे त्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. प्रवाह एकाएकी तोडला असता हे क्षेत्र मावळू लागते, आणि मावळताना त्याच वेटोळ्यात वीज उत्पन्न करून प्रवाह चालू ठेवू पाहते. भरल्या बैलगाडीला निघण्यास जोर लागतो तसा थांबण्यासही लागतो, तशातलाच हा प्रकार. यास स्वप्रवर्तन म्हणतात. त्याचे एकक 'हेन्री' हे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांच्या नावावरून पडले आहे. तेलाच्या स्टार्टरमधील तेल ही ठिणगी विझविण्याकरिताच असते. तेव्हा त्याची पातळी उतरू देऊ नये.

प्रवर्तनाचा दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. इ. स. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी एका लोखंडी कड्यावर दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. एकातील प्रवाह सुरू अथवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर वीज उमटली. हे अन्योन्य प्रवर्तन होय. आपण ज्यास 'डीपी' म्हणतो, ते गावचे रोहित्र याच तत्त्वावर चालते. त्याच्या एका वेटोळ्यास ११,००० व्होल्टचा दाब मिळतो व दुसऱ्यातून ४३३ व्होल्टचा दाब निघतो. मध्ये जोडणारी तार नाही. प्रवाह सेकंदास ५० वेळा आवर्तने घेतो, म्हणून क्षेत्र सतत बदलते व वीज अखंड उमटत राहते.

'अन्योन्य' या शब्दाकडे मात्र दुर्लक्ष होते. रोहित्रास दिशा ठाऊक नसते. वीज गेली असता कोणी विहिरीवरील जनरेटर सरळ पंपाच्या जोडणीत लावला, तर ती वीज तारांवरून रोहित्रात उलटी शिरू शकते. मग २३० व्होल्टचे पलीकडे सुमारे १०,००० व्होल्ट होतात, आणि त्याच वेळी खांबावर चढलेला लाइनमन तार मृत आहे असे समजून काम करीत असतो! जनरेटर लहान असल्याने काही होत नाही, हा समज घातक आहे.

याकरिता जनरेटर व वीजमंडळाची तार एकाच वेळी जोडली जाणारच नाही असा चेंजओव्हर स्विच, परवानाधारक तारतंत्रीकडून बसवून घ्यावा. त्यात न्यूट्रलचीही तार तुटली पाहिजे. ग्राम कार्यकर्त्यांनी गावातील जनरेटर असलेल्या विहिरींची यादी करून प्रत्येक जोडणी समक्ष पाहावी.