पट्ट्यावरची चॉकलेटं

आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता, तेव्हाची गोष्ट. दूरदर्शनवर लुसी नावाच्या अमेरिकन बाईची मालिका लागायची. माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं, तरी ती तोंडाला पदर लावून हसायची. भाषा कळत नसताना हसू कसं येतं, याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे. आज त्या लुसीविषयीच थोडं सांगणार आहे.

ल्युसिल बॉल १९११ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावी जन्मली. ती तीन वर्षांची असताना वडील गेले. पुढे अभिनय शिकायला न्यूयॉर्क शहरात गेली, तर शिक्षकांनी ‘हिला जमणार नाही’ असं सांगून घरी धाडलं. १९३३मध्ये ती हॉलिवूडला पोचली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं बहुतेक दुय्यम चित्रपटांतच अडकून पडली. मूकपटांच्या काळातला विनोदवीर बस्टर कीटन याने मात्र तिच्यातलं पाणी ओळखलं. हातातल्या वस्तूशी झटापट करत हसवण्याची विद्या तिने त्याच्याकडून घेतली.

तिला खरा सूर सापडला तो रेडिओवर. १९४८मध्ये सुरू झालेली ‘माय फेवरिट हजबंड’ ही नवरा-बायकोची विनोदी श्रुतिका गाजली. सीबीएस कंपनीला ती टीव्हीवर हवी होती. लुसीने अट घातली, नवऱ्याच्या भूमिकेत माझा खरा नवराच हवा! नवरा म्हणजे क्यूबाहून आलेला वाद्यवृंदप्रमुख देसी आर्नाझ. अशी जोडी अमेरिकन घरांत चालेल का, म्हणून कंपनी कचरली. मग दोघांनी १९५०मध्ये गावोगावी रंगमंचावर प्रयोग करून लोकांचा कौल आणला. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली. लुसी तेव्हा चाळीस वर्षांची होती.

त्या काळी बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जात. दूरच्या भागांसाठी टीव्हीच्या पडद्याचंच चित्रण करून पाठवत, ते धूसर दिसे. या दोघांना कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं. म्हणून त्यांनी मालिका चित्रपटाच्या फिल्मवर, पण समोर प्रेक्षक बसवून चित्रित करायचं ठरवलं. एकच कॅमेरा असला तर प्रसंग पुन्हापुन्हा करावा लागतो, आणि तोच विनोद तिसऱ्यांदा पाहून कोण हसणार? यावर तोड म्हणून एकाच वेळी तीन कॅमेरे लावले. नाटकासारखा प्रसंग सलग व्हायचा, जोडणी मागाहून. खर्च वाढला, तेव्हा दोघांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी आपल्या ‘देसिलू’ कंपनीकडे ठेवली. ती फिल्म टिकली म्हणूनच मालिका पुढे पुन्हापुन्हा दाखवता आली.

लुसी गरोदर राहिली तेव्हा ते कथेतच घेतलं गेलं. पण ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायला मनाई! १९ जानेवारी १९५३ रोजी पडद्यावर बाळ झालं, त्याच दिवशी प्रत्यक्षातही झालं. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला.

गंमत पाहा. मालिकेतल्या लुसीला घराबाहेर काहीतरी करून दाखवायचं असतं आणि दरवेळी तिची फजिती होते. खऱ्या लुसीने मात्र नवऱ्याबरोबर १९५७मध्ये आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले. याच आरकेओत ती एकेकाळी किरकोळ भूमिका करत होती. १९६०मध्ये घटस्फोट झाला. १९६२मध्ये देसीचा हिस्सा घेऊन ती एकटी कंपनीची प्रमुख झाली. ‘स्टार ट्रेक’ उभी राहिली तीही तिच्या पाठिंब्याने. १९६७मध्ये तिने कंपनी विकली, पण काम सोडलं नाही. १९८९च्या एप्रिलमध्ये ती गेली.

तिचा १९५२चा एक भाग प्रसिद्ध आहे. लुसी आणि तिची शेजारीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, ती कागदात गुंडाळायची. पट्टा वेग घेतो, हात पुरत नाहीत, मग दोघी चॉकलेटं तोंडात, टोपीत, झग्यात कोंबतात. हे सगळं वेंधळेपणाचं वाटतं, पण लुसी तालमीला फार कडक होती.

काही वर्षांपूर्वी हा भाग मी आईला संगणकावर दाखवला. लग्नाआधी आई एका कारखान्यात बिस्किटं भरायच्या पट्ट्यावर उभी राहायची. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “पट्टा अस्साच पळायचा गं. फक्त आम्हाला तोंडात घालायची सोय नव्हती. पगार कापायचे.”

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. आईला लुसीची भाषा येत नव्हती, पण तो पट्टा तिच्या ओळखीचा होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)