पैठणीचे फोटो: पदरापासून थंबनेलपर्यंत

वेब गॅलरीत पैठणीच्या फोटोला दोन कामे करावी लागतात. लहान चौकटीतल्या थंबनेलवरून कोणती साडी उघडायची ते ठरते आणि मोठ्या फोटोत तिचे विणकाम पारखता येते. म्हणून मोठा फोटो नुसता लहान करून थंबनेल करणे पुरेसे ठरत नाही.

सर्वांत जास्त त्रास जरीचा. ती आरशासारखी उजेड परतवते. समोरून फ्लॅश मारला की मोराच्या जागी पांढरा डाग उरतो. खिडकीतला मऊ उजेड एका बाजूने पडू दिला तर धागान् धागा उठून दिसतो. त्यात ट्यूबलाइटचा उजेड मिसळू देऊ नये, नाहीतर एकाच पदरावर रंगाच्या दोन छटा येतात आणि त्या नंतर नीट काढता येत नाहीत. धूपछाव साडीत ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा, त्यामुळे कोन बदलला की रंग पालटतो. ती सपाट पसरलेली आणि घडी पडलेली, अशी दोन्ही प्रकारे टिपावी लागते. कॅमेरा स्टँडवर, कापडाला अगदी समांतर हवा. थोडा जरी कलला तरी काठाच्या रेषा तिरक्या होतात.

पदर, काठ आणि बुट्टी सगळेच टिपतात. उलटी बाजू मात्र बऱ्याचदा राहून जाते, आणि खरा पुरावा तिथेच असतो. हातमागावरच्या पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी कांडी फिरते आणि शेजारचे धागे एकमेकांत अडकवले जातात. त्यामुळे मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रावरच्या अनेक नकलांत मागे मोकळे धागे पसरलेले असतात. हा एक फोटो विणकराच्या कष्टाची साक्ष देतो. तो वगळणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

संगणकावर आल्यावर रंग एसआरजीबी या रंगपट्ट्यात आणावेत. अधिक विस्तृत रंगपट्ट्यातली फाइल प्रोफाइलशिवाय चढवली तर ब्राउझरमध्ये राणी रंग मळकट दिसतो. जेपेग चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन करून ते दाबते आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने ठेवते. लाल रेशमावरच्या हिरव्या पोपटाची कडा पसरते ती यामुळेच. तपशिलाच्या फोटोत रंगाची ही काटछाट बंद ठेवावी.

६००० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० वर आणला की मूळचे ४०० पिक्सेल एकात मावतात. तेव्हा धागा पिक्सेलहून बारीक होतो. सॉफ्टवेअरने सरासरी न घेता मधलेच पिक्सेल उचलले, तर कापडावर नसलेले लाटांचे पट्टे उमटतात. त्यावर उपाय असा: आधी पदरातला एखादाच मोर किंवा काठाचा तुकडा कातरावा, मग सरासरी घेणाऱ्या पद्धतीने लहान करावा आणि शेवटी थोडी धार द्यावी. धार आधी दिली तर हे पट्टे आणखी ठळक होतात. गॅलरीभर कातरणी एकाच प्रमाणात ठेवली तर साड्यांची तुलना करता येते. दाट पडद्याच्या फोनसाठी ३०० च्या चौकटीला ६०० पिक्सेलची प्रतही लागते.

चढवण्याआधी फाइलमधली जीपीएसची नोंद पुसावी, कारण पुष्कळदा माग विणकराच्या घरातच असतो. फोटोसोबतच्या पर्यायी मजकुरात ‘बांगडी मोर, जांभळा पदर, उलटी बाजू’ असे नेमके वर्णन लिहावे. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेवढेच हाती लागते.