मुलाचा कर, आईबाबांचं मेडिकेअर

‘मुलगा वीस वर्षं इथे टॅक्स भरतोय, मग आईबाबांना मेडिकेअर फुकटच मिळणार.’ ग्रीन कार्डावर अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाटतं अगदी रास्त. पण कायदा तसं मानत नाही, आणि हे कळायला उशीर झाला की ऐन म्हातारपणी पैशांची ओढाताण होते.

मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी तिच्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून हॉस्पिटलच्या विम्याचा, म्हणजे पार्ट एचा, पाया आहे पगारातून कापला जाणारा कर. आज तो १.४५ टक्के आहे, आणि मालकही तेवढाच भरतो. साधारण दहा वर्षं, म्हणजे चाळीस तिमाही, हा कर भरला असेल तर ६५व्या वर्षी पार्ट ए हप्त्याशिवाय मिळतो. हिशेब धरतात तो स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या कमाईचा. मुलाच्या कमाईचा नाही, आणि पुण्यात बँकेत पस्तीस वर्षं केलेल्या नोकरीचाही नाही.

म्हणून दार बंद होतं असं नाही. वय ६५ पूर्ण, हातात ग्रीन कार्ड आणि अर्जाआधीची सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य, एवढं असेल तर मेडिकेअर विकत घेता येतं. २०२५मध्ये पार्ट एचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या खर्चासाठी असलेल्या पार्ट बीचा १८५ डॉलर होता. म्हणजे नवरा-बायको दोघांचे महिन्याला १,४०६ डॉलर. ‘सलग’ या शब्दाकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं. भारतातला मुक्काम सहा महिन्यांच्या पुढे लांबला तर पाच वर्षांच्या हिशेबावर प्रश्न उभा राहू शकतो. ही पाच वर्षं भरेपर्यंत आरोग्यविम्याच्या सरकारी मार्केटप्लेसमधली खासगी योजना घेता येते. पाहुण्यांसाठीचा प्रवास विमा ही त्याची जागा नव्हे.

इथेच एक गोष्ट फार थोड्या कुटुंबांच्या लक्षात येते. चाळीस तिमाहींसाठी मोठ्या पगाराची नोकरी लागत नाही. २०२५मध्ये १,८१० डॉलरच्या कमाईवर एक तिमाही जमा होत असे, आणि वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे वर्षभरात ७,२४० डॉलर मिळवले की त्या वर्षाच्या चारही तिमाही पदरात. पंचावन्नाव्या वर्षी आलेल्या आईने डे-केअरमध्ये किंवा किराणा दुकानात दहा वर्षं अर्धवेळ काम केलं, तर तिचा पार्ट ए विनाहप्ता होतो आणि तिच्या नोंदीवर ६५ वर्षांच्या वडिलांचाही होऊ शकतो. तीस तिमाही भरल्या तरी हप्ता कमी होतो; २०२५मध्ये तो ५१८ वरून २८५ डॉलरवर येत असे. अट एकच, पगार कागदावर हवा आणि त्यातून कर कापलेला हवा. रोख घेतलेल्या पैशांची इथे कुठेच नोंद होत नाही.

दुसरा गैरसमज आयुष्यभर अमेरिकेत नोकरी केलेल्यांचा. ‘अजून कामावर आहे, निवृत्त झालो की बघू.’ वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा विमा चालू असेल तर हे चालतं. नोकरी सुटल्यावर किंवा तो विमा संपल्यावर पार्ट बी घ्यायला आठ महिने मिळतात. घोटाळा होतो तो कोब्रामुळे. नोकरी गेल्यावर जुनाच विमा स्वतःच्या पैशांनी बहुधा अठरा महिने चालू ठेवता येतो, कार्डही तेच असतं, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. पण कोब्रा म्हणजे चालू नोकरीचा विमा नव्हे. आठ महिन्यांचं घड्याळ तोवर चालूच असतं. मुदत हुकली तर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे पार्ट बीच्या हप्त्यात दहा टक्के वाढ होते, आणि ती सहसा जन्मभर भरावी लागते. दोन वर्षांचा उशीर म्हणजे २०२५च्या दराने महिना ३७ डॉलर जादा. शिवाय मधल्या काळात पार्ट बी नाहीच.

‘मेडिकेअर आहे, आता सगळं झालं’ हा समज सर्वात दुखरा ठरतो. नेहमीचे दातांचे उपचार, चष्मा आणि श्रवणयंत्र मूळ मेडिकेअरमध्ये, म्हणजे पार्ट ए आणि बीमध्ये, येत नाहीत. अंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला लागणारी दीर्घकाळची देखभालही नाही. नर्सिंग होममधले शंभर दिवस मिळतात असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं. ते दिवस कुशल उपचारांसाठी असतात, पहिले वीसच पूर्ण मोफत असतात, आणि मूळ मेडिकेअरमध्ये त्याआधी सलग तीन दिवस हॉस्पिटलमध्ये रीतसर दाखल झालेलं असावं लागतं. ‘रीतसर’ यातच सगळी मेख आहे. आजी पडल्या, कंबर दुखावली, तीन रात्री वॉर्डातल्या पलंगावर काढल्या. सलाईन लावलं, अंगावर हॉस्पिटलचाच गाऊन. पण कागदावर नोंद ‘ऑब्झर्वेशन’ अशी असेल तर त्या रात्री मोजल्या जात नाहीत आणि पुढच्या नर्सिंग होमचं बिल घरी येतं. घरच्यांनी पहिल्याच दिवशी नर्सला विचारावं: इनपेशंट की ऑब्झर्वेशन?

भारतात मेडिकेअर चालत नाही. मेडिगॅपच्या, म्हणजे मूळ मेडिकेअरला जोडून घ्यायच्या खासगी पूरक विम्याच्या, काही पॉलिसी परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ऐंशी टक्के देतात, तेही २५० डॉलरच्या डिडक्टिबलनंतर, प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंतच. गुडघ्याची ठरवून केलेली शस्त्रक्रिया त्यात बसत नाही.

राहिली मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजनांची ‘झिरो प्रीमियम’ जाहिरात. मूळ मेडिकेअरऐवजी घ्यायच्या या योजना खासगी कंपन्यांच्या. दात-चष्म्याची थोडी सोय आणि वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा हे त्यांचे खरे फायदे आहेत. पण पार्ट बीचा हप्ता भरावाच लागतो, डॉक्टर बहुधा त्यांच्या नेटवर्कमधलेच घ्यावे लागतात आणि बऱ्याच उपचारांना आधी मंजुरी लागते. ‘नाही पटली तर पुढल्या वर्षी मेडिगॅप घेऊ’ हा विचार मात्र धोक्याचा आहे. ६५नंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिले सहा महिने मेडिगॅप कंपनी आजारपण पाहून नकार देऊ शकत नाही. पुढे, काही अपवाद सोडले तर, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटसारखी मोजकी राज्यं वगळता ती नकार देऊ शकते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी ही सहा महिन्यांची निवड घाईत करू नये.

सल्ल्यासाठी एजंटच गाठायला हवा असंही नाही. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची सरकारी अनुदानावर चालणारी मोफत सल्लासेवा आहे, कॅलिफोर्नियात तिचं नाव हायकॅप. तिथले सल्लागार कुठलीही पॉलिसी विकत नाहीत. जाताना ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटीवरची कमाईची नोंद, औषधांची मात्रेसह यादी आणि नेहमीच्या डॉक्टरांची नावं बरोबर न्यावीत. योजना बदलण्याचा वार्षिक काळ १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असतो आणि शेवटच्या आठवड्यांत तिथे गर्दी होते, तेव्हा वेळ सप्टेंबरातच मागून ठेवलेली बरी.