संदेशवाहक विकरे आणि नैसर्गिक मारक पेशींचा निर्णय

तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव आहे. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधविलेले छत्र तेथे आजही उभे आहे. रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास १८०१ मध्ये लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी तंजावर राज्यातील छत्रांची व्यवस्था वर्णिली आहे : सर्व जातींच्या वाटसरूंस अन्न, आजाऱ्यास औषध व पथ्य, आणि रोग, सूज व विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्य. दारी आलेल्यास ‘तू कोण?’ असे न विचारणे हा छत्राचा धर्म. त्या वैद्यांनी ज्या शरीरांवर उपचार केले, त्या शरीरांच्या आतला व्यवहार मात्र नेमका उलट असतो. तेथे ओळख पटविल्यावाचून कोणाचीही सुटका नाही. ही तपासणी करणाऱ्यांपैकी एका पेशीगटाचा, नैसर्गिक मारक पेशींचा, येथे विचार करावयाचा आहे.

या पेशींची ओळख १९७५ च्या सुमारास स्वीडन व अमेरिकेतील संशोधकांस पटली. रक्तातील लसिकापेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असते. पूर्वी कधी गाठ न पडलेल्या कर्कपेशीस वा विषाणुग्रस्त पेशीसही त्या मारू शकतात, म्हणून त्या ‘नैसर्गिक’. ‘मारक’ हे विशेषण मात्र काहीसे फसवे आहे, कारण त्यांचा बहुतेक काळ न मारण्यातच जातो. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग १ ची प्रथिने असतात. ती हरवली की मारक पेशी हल्ला करते, हे क्लास क्यारे व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. म्हणजे परक्याची खूण सापडणे नव्हे, तर आपलेपणाची खूण न सापडणे हाही पुरावा ठरतो.

हा पुरावा पेशीच्या आत पोहोचतो तो विकरांच्या, म्हणजेच एंझाइमांच्या, द्वारे. कायनेज गटातील विकरे प्रथिनांवर फॉस्फेटचा अंश चढवितात. फॉस्फटेज गटातील विकरे तो उतरवितात. चेतक ग्राही जागा झाला की सार्क कुलातील कायनेजे त्याच्या जोडप्रथिनांवर फॉस्फेट चढवितात. तेथे सिक व झॅप-७० ही पुढची कायनेजे येऊन बसतात. फॉस्फोलायपेज सी-गॅमा या विकरामुळे पेशीत कॅल्शियमची पातळी वाढते आणि कणिकांतील परफोरिन व ग्रँझाइम लक्ष्यपेशीच्या अंगावर सोडली जातात. ग्रँझाइम हेही विकरच होय. लक्ष्यपेशीस आत्मनाशाकडे नेण्याचे काम त्याचे.

निरोधक ग्राहीची कथा अधिक उद्बोधक आहे. त्याच्या शेपटीवर फॉस्फेट चढविण्याचे कामही त्याच सार्क कुलातील कायनेजे करतात! चेतविणारा आणि आवरणारा हात मुळात एकाच घराण्यातला. फॉस्फेट चढलेल्या त्या शेपटीवर एसएचपी-१ हे फॉस्फटेज येऊन बसते आणि व्हाव्ह-१ या प्रथिनावरील फॉस्फेट काढून घेते. चेतनेची साखळी त्यामुळे अगदी आरंभीच तुटते. हा प्रतिबंध दोन पेशींच्या स्पर्शस्थानापुरताच असतो. एका शेजाऱ्यास अभय देणारी मारक पेशी त्याच वेळी दुसऱ्यास मारू शकते. विश्रांत मारक पेशीत बहुतेक चेतक ग्राहींपैकी एकट्याचा शब्द पुरतही नाही, दोघांची साक्ष जुळावी लागते.

यावरून निरोधक ग्राही नसलेली पेशी बेफाम होत असेल असे वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. २००५ मधील प्रयोगांनी दाखविले की ज्या मारक पेशींना स्वकीय एमएचसी ओळखणारा निरोधक ग्राही लाभलेला नसतो, त्या सुस्त राहतात. आवरले जाण्याचा अनुभव हीच त्यांची तालीम असते. या तालमीत विकरांची मांडणी नेमकी कशी बदलते, हा अद्याप वादाचा विषय आहे.

औषधशास्त्रास हा तपशील टाळता येत नाही. रक्तकर्करोगावरील डासाटिनिब हे औषध सार्क कुलालाही रोखते, त्यामुळे मारक पेशींच्या कामावर त्याचा परिणाम होतो. दुसरा मार्ग लगाम सैल करण्याचा. एनकेजी२ए या निरोधक ग्राहीस झाकणारे मोनालिझुमॅब हे प्रतिपिंड सेटुक्सिमॅबच्या जोडीने डोके व मान यांच्या कर्करोगावर तपासले गेले. सेटुक्सिमॅब मारक पेशींचा सीडी-१६ हा चेतक ग्राही जागा करते. एकाने चेतवावे, दुसऱ्याने लगाम सोडावा, अशी ही योजना. तर्क निर्दोष वाटत होता. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग घरोघर माहीत असलेल्या आपल्या देशात तिच्याकडे आशेने पाहिले जाणे स्वाभाविक होते. तथापि अपेक्षित लाभ न दिसल्याने तिसऱ्या टप्प्यातील ती चाचणी २०२२ मध्ये थांबविण्यात आली. एक निरोधक ग्राही झाकला तरी इतर ग्राही एसएचपी-१ ला बोलावीतच राहतात. म्हणून आता काही प्रयोगशाळा ग्राहींऐवजी थेट त्या विकराकडे वळल्या आहेत. मात्र एसएचपी-१ हे रक्तातील अन्य पेशींतही कार्यरत असते. जन्मतःच ते नसलेल्या उंदरांत तीव्र दाह उद्भवून ते अल्पायुषी ठरतात.