मे महिन्यात वर येणारं गाव

मे महिना आला की मुलांना आजोळचे वेध लागतात. गोव्यातल्या कुर्डीच्या लोकांनाही गावाची ओढ लागते, पण त्यांना आधी धरणाचं पाणी ओसरावं लागतं.

सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात आहे. वर्षातले जवळजवळ अकरा महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की घरांचे चौथरे, झाडांची वाळलेली खोडं, सोमेश्वराचं देऊळ असं एकेक वर येतं.

शास्त्रीय संगीताची आवड असलेल्या घरांत या गावाचं नाव नकळत रोज घेतलं जातं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे किशोरीताई आमोणकरांच्या आई, 1904 साली इथेच जन्मल्या.

कुर्डी सुपीक होतं. भातशेती, नारळ, काजू, फणस. देवळं होती, चॅपेल होतं, दर्गाही होता. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, असं त्यांनी समजावलं. लोकांनी ऐकलं. सहाशेहून अधिक कुटुंबं जमीन आणि भरपाई घेऊन उठली, वाडे आणि वालकिणी इथे वसली. 1986च्या सुमारास गाव बुडालं.

कदंबकालीन महादेव मंदिर मात्र वाचलं. पुरातत्त्व खात्याने त्याचा दगड न् दगड सोडवून ते दुसरीकडे पुन्हा उभारलं. माणसांची घरं अशी कोण उचलून नेणार?

खटकतं ते पुढचंच. ज्यांनी पाण्यासाठी गाव दिलं, त्यांच्यातल्याच काहींची काही वर्षांपूर्वीपर्यंत तक्रार होती, की धरणाचं पाणी आमच्यापर्यंत आलंच नाही. वाड्यातल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये आटायच्या आणि टँकरची वाट पाहावी लागायची. म्हणजे धरण रिकामं होऊन गाव दिसू लागायचं, नेमकं तेव्हाच!

तरीही मे महिन्यात सगळे येतात. देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं चॅपेलचं फेस्त करतात. लेकरांना हाताला धरून एखादा चौथरा दाखवला जातो: हे आपलं घर, इथे चूल होती. सारं घाईतच उरकायचं. जूनच्या पावसाने जलाशय पुन्हा भरायला लागतो.